नोंदवही पलीकडच्या इमारतीत

९ फेब्रुवारी

मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा दुखतोय, म्हणून साष्टांग बसल्या बसल्याच.

तुला फोन करायचा नसतो हे पाठ आहे. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर माझ्या कानांनीही निवृत्ती घेतली, असं तू म्हणतोस. तेव्हा हा कागद.

एक सल्ला हवा आहे. आमच्या ग्रंथालयाचे पाच सर्व्हर मी सांभाळते, हे तुला माहीत आहे. एकावर पुस्तकांची सूची, एकावर सभासद, असे. प्रत्येक सर्व्हर आपली रोजनिशी लिहीत असतो, तिला लॉग म्हणतात. कोण आत आलं, किती वाजता, काय केलं, कोणाचा पासवर्ड चुकला. माझ्या डायरीपेक्षा प्रामाणिक. मी आज लिहिलेलं उद्या खोडते, परवा खोडल्याबद्दल वाईट वाटून पुन्हा लिहिते.

गेल्या आठवड्यात एकदम लक्षात आलं की ही रोजनिशी त्या त्या सर्व्हरच्याच पोटात असते. म्हणजे कोणी चोरपावलांनी आत आलं, तर जाताना आपली पावलं पुसून जाणार. तेव्हापासून मी दर तासाला उठून बघते. आमचे साहेब, म्हणजे मुख्य ग्रंथपाल, हसतात. म्हणतात, "बाई, आपल्याकडे चोरायचं काय? पुस्तकं तर आपण आपल्या हातानं देतो." पण मन राहत नाही. तुमच्या एक्स्चेंजमध्ये नोंदवही कुठे असायची?

मामीला नमस्कार.

तुझी भाची


१७ फेब्रुवारी

चि. शंकाबाईस,

अनेक आशीर्वाद, त्यातले दोन गुडघ्यासाठी.

प्रश्न झकास विचारलास. आमची बिघाडांची वही पूर्वी यंत्रांच्या खोलीतच खुंटीला टांगलेली असे. आमच्यात एक जण होता, त्याला सगळे बोका म्हणत. हा कामावर डुलक्या घ्यायचा आणि मग वहीतलं नको ते पान फाडायचा. पण वही शिवलेली. एक पान फाडलं की जोडीचं पान सुटून खाली यायचं, मग तो तेही खिशात घालायचा. वर्षाअखेर वही इतकी रोड झाली की वरिष्ठ बाई म्हणाल्या, "बिघाड कमी झालेत की कागद?"

मग त्यांनी हुकूम काढला. बिघाड झाला की त्याच मिनिटाला पलीकडच्या इमारतीत कळवायचा आणि तिथल्या कारकूनबाईंनी तो आपल्या वहीत लिहायचा. आपण फक्त सांगायचं. खोडायला आपला हात तिथवर पोचत नाही. बोक्याचं दूध त्या दिवसापासून बंद.

तेव्हा, ज्याची नोंद त्याच्याच हाताशी ठेवू नये. आणि दोन्ही इमारतींची घड्याळं रोज सकाळी जुळवून घ्यायची, नाहीतर भांडणं लागतात.

जूनमध्ये डोळे दाखवायला तुमच्या शहरात यायचं म्हणतो. आठ दिवस राहीन. तुझ्या ग्रंथालयात मला एक खुर्ची दे, मी कोणाला त्रास देणार नाही.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

तुझी पलीकडची इमारत मला सापडली! आमच्याकडे ती पुस्तकबांधणीची खोली आहे. तिथे एक जुना कॉम्प्युटर धूळ खात होता. चाचणी म्हणून मी पाचही सर्व्हरांना बजावलं, की जी ओळ लिहाल ती त्याच क्षणी तिकडेही पाठवा, आणि वाटेत कोणी वाचू नये म्हणून कुलूपबंद करून पाठवा. तो जुना कॉम्प्युटर नुसता ऐकतो आणि लिहितो. सर्व्हरवर बसलेल्याला तिथलं काही पुसता येत नाही.

घड्याळांचं तू म्हणालास ते खरं निघालं. सूचीचा सर्व्हर सात मिनिटं मागे होता. त्यामुळे पहिल्या दिवशी पुस्तक आधी घरी गेलं आणि वाचक नंतर दारातून आत आला. आता सगळी घड्याळं एकाच घड्याळाकडे बघतात.

पण साहेबांनी नाही म्हटलं. "एकदा लिहिलेलं पुन्हा दुसरीकडे लिहायचं? बाई, विश्वास नावाची चीज आहे की नाही?" त्यांच्या आवाजात दुखावल्यासारखं काहीतरी होतं. घरी येईपर्यंत मी विचार करत होते, की मी माणसांवर संशय घेते का? तसं असेल तर वाईट आहे. जाऊ दे. डायरीत लिहून ठेवलंय, 'चाचणीचं यंत्र बंद करणे.' उद्या करीन.

जूनमध्ये नक्की ये. खुर्ची पक्की, खिडकीपाशी, कॉम्प्युटर नंबर तीन.

तुझी भाची


२२ जून

चि. शंकाबाईस,

सुखरूप पोचलो. आठ दिवस फार लाड केलेस. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, अजून बराच काळ बारीक अक्षर वाचाल. मनात म्हटलं, तेच तर नको होतं कधी कधी.

खिडकीपाशीची खुर्ची छान होती. तुमच्याकडे सगळं जागच्या जागी आहे ना? म्हणजे पुस्तकं वगैरे. सहज विचारतो. वाचक खूश आहेत ना?

पत्र लगेच पाठव. घाई नाही.

मामा

ता. क. मी मामी. यांना काय झालंय ते विचार गं बाई. आल्यापासून टपालपेटीपाशी दिवसातून दोनदा जातात आणि चष्म्याची डबी उशाशी घेऊन झोपतात. काल मी सहज म्हटलं, "कुणाचं पुस्तक ढापून आणलंत की काय?" तर चहा सांडला.


१ जुलै

मामा,

तू विचारलंस आणि इथे खरंच काही जागच्या जागी राहिलेलं नाही. तुला अंतर्ज्ञान आहे का रे?

सूचीत कोणीतरी शिरून दोनशे चौदा पुस्तकांच्या जागा बदलल्यात. पुस्तकं कपाटात जिथे होती तिथेच आहेत, पण सूची भलतीकडे बोट दाखवते. वाचक चिठ्ठ्या घेऊन कपाटांमधून हरवल्यासारखे फिरतात. काल एक आजोबा मधमाश्यांचं पुस्तक शोधता शोधता तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि तिथे दुसरंच वाचत बसले.

गंमत सांगू? बदल सगळे बरोबर आहेत! मधमाश्या इतकी वर्षं 'पिकांवरील कीड' या विभागात होत्या, त्यांना या माणसानं 'पाळीव जीव' मध्ये नेलं. पोहण्याचं पुस्तक जलवाहतुकीतून काढून व्यायामात ठेवलं. टेलिफोन एक्स्चेंजच्या देखभालीचं एक जाडजूड पुस्तक 'घरगुती उपकरणे' मध्ये होतं, त्याच्यासाठी तर नवाच विभाग उघडलाय, 'दूरध्वनी : एक स्वतंत्र शास्त्र'. वाचून तुझी आठवण झाली. कोण असेल हा? मला तर तो आवडायला लागलाय.

पण आता हसणं पुरे. त्या सर्व्हरच्या लॉगमधून १४ जूनची सकाळ कोणीतरी पुसली आहे. पुसायचा अधिकार दोघांनाच, साहेबांना आणि मला. साहेब म्हणतात, "माझा पासवर्ड जगात कोणाला सापडणार नाही अशा जागी आहे." मग उरलं कोण? साहेब तोंडावर काही बोलले नाहीत, पण ऑफिसात कोणीतरी पुटपुटलंच, कुंपणानंच शेत खाल्लं.

२० जुलैला कार्यकारिणीची बैठक आहे. सर्व्हर माझ्याकडे ठेवायचे की मला काढायचं, ते तिथे ठरेल. सोळा वर्षं झाली मामा. आणि माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दोन दिवसांपासून मी स्वतःलाच विचारतेय, मीच तर नाही ना पुसलं, चुकून, दुसरं काही पुसताना? डायरी चार वेळा वाचली.

तुझी भाची


८ जुलै

मामा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली.

आज बांधणीच्या खोलीत गेले होते. आमचे बाइंडरकाका नव्यानं बांधलेली पुस्तकं एकावर एक रचत होते. कशावर, तर त्या जुन्या कॉम्प्युटरवर! हात लावला तर गरम.

"काका, हे चालू आहे?"

"चालूच असतं. फेब्रुवारीपासून."

"मी बंद करणार होते!"

"मग केलं का नाही? मी म्हटलं, बाई विसरल्या, देवच पावला. याच्या उबेनं खळ निम्म्या वेळात वाळते. हात लावू नका हं त्याला!"

घरी येऊन डायरी काढली. 'चाचणीचं यंत्र बंद करणे.' त्यापुढे बरोबरची खूण नाही. उभ्या आयुष्यात खूण न केलेली माझी एकच ओळ असेल. म्हणजे सर्व्हरांचं ते सांगणं आणि त्या यंत्राचं ते लिहिणं, सगळं पुस्तकांच्या ओझ्याखाली चार महिने चालूच होतं.

१४ जून काढला. अकरा वीसला साहेबांच्या खात्यातून कोणीतरी आत आलं. अकरा बावीसला पहिलं पुस्तक हललं, एक्स्चेंजच्या देखभालीचं. मग एकामागून एक. एक सत्तावन्नला नोंदी पुसण्याचा आदेश. पुसल्याची ओळसुद्धा पुसली जाण्याआधी इकडे येऊन बसली होती! आणि प्रत्येक ओळीत कुठून आलं तेही होतं. वाचनकक्ष, कॉम्प्युटर नंबर तीन.

माझ्या डायरीत त्या दिवशी लिहिलंय, 'मामाला खिडकीपाशी बसवलं. दोन वाजता जेवायला उठवलं, तर गाल लाल आणि पोरासारखा खूश. विचारलं तर म्हणाला, ऊन.'

मामा, आकाश भरून आलं होतं त्या दिवशी.

ते यंत्र माझ्याच हाताखालचं. त्यातलंही मी पुसू शकते, हे डोक्यात आलं. पाच मिनिटं वाटलं, पुसून टाकावं. खोटं कशाला, वीस मिनिटं वाटलं. मग कागदावर दोन प्रती काढल्या, एक पाकिटात बंद करून काकांच्या कपाटात ठेवायला दिली आणि सांगितलं, मी मागितली तरी देऊ नका. आता ते माझ्या हातात नाही.

२० तारखेला मला हा कागद ठेवावा लागेल. नाही ठेवला तर माझं जातं, ठेवला तर तुझं नाव जातं. तू काहीतरी सांग. रागावलेय का, तेही कळत नाही. मधूनच मधमाश्या आठवून हसू येतं.

तुझी भाची


८ जुलै

चि. शंकाबाईस,

तुझं १ तारखेचं पत्र आत्ता हातात पडलं आणि उभ्या उभ्याच लिहायला घेतलं.

मी केलं. दुसरं कोणी नाही, मी.

मी बापडा कपाटांमधून हिंडत होतो. तर मिक्सर आणि इस्त्रीच्या रांगेत एक्स्चेंजच्या देखभालीचं पुस्तक! माझी चौतीस वर्षं इस्त्रीशेजारी! रागारागानं उघडलं. अकरा वर्षांत कोणी नेलं नव्हतं. आत एक चिठ्ठी होती, सुरेख अक्षरात. वर 'मुख्य खाते' आणि खाली पासवर्ड. तुझ्या साहेबांनी जगात कोणी उघडणार नाही असं पुस्तक निवडलं होतं. बरोबरच निवडलं. जगात एकच माणूस ते उघडणार होता आणि तो नेमका डोळे दाखवायला तुमच्या गावी आला.

म्हटलं, एवढं एक पुस्तक हलवू. मग मधमाश्या दिसल्या. मग थांबता येईना. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी माझ्यापुढे स्विचबोर्ड ठेवला आणि सगळ्या तारा चुकीच्या जागी होत्या, असं वाटलं. फार आनंदात होतो गं. शेवटी भानावर आलो आणि घाबरून नोंदी पुसल्या. तुझी पलीकडची इमारत साहेबांनी होऊ दिली नाही, हे तूच कळवलं होतंस, म्हणून बिनधास्त पुसल्या. बोक्याची गोष्ट मीच तुला सांगितली आणि मीच बोका झालो. चिठ्ठी परत ठेवायची राहिली. ती इतके दिवस चष्म्याच्या डबीत होती.

तुझ्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्यावर कोणी संशय घेईल असं मला वाटेलच कसं?

आजच साहेबांना वेगळं पत्र रजिस्टर टपालानं पाठवतोय, सगळं लिहून, चिठ्ठीसकट. तुला न विचारता. तू विचारात पडली असतीस.

मामीला सांगितलं. ती आधी रागावली, मग म्हणाली, "दोनशे चौदा? आणि घरातला डब्यांचा एक कप्पा लावा म्हटलं तर कंबर दुखते?"

मामा


२१ जुलै

मामा,

आपली दोन पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं माझ्या हातात पडलं तेव्हा मी ग्रंथालयाच्या पायरीवर बसून रडले आणि हसले, आणि वाचक माझ्या अंगावरून ये-जा करत राहिले.

बैठकीत साहेबांनी तुझं पत्र स्वतः मोठ्यानं वाचलं. चिठ्ठीपाशी आले आणि थांबले. कान लाल झाले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अक्षर ओळखीचं वाटतंय." साहेब म्हणाले, "माझं आहे." मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, मी विश्वासाच्या गोष्टी सांगत होतो आणि तुमच्यावर तोच ठेवला नाही. चुकलो." त्यांना हे जड गेलं, दिसत होतं. पण म्हणाले.

मी माझे कागद पुढे ठेवले आणि काकांनी बंद पाकीट आणलं. अध्यक्षबाईंनी तुझं पत्र आणि लॉग ओळीला ओळ लावून पाहिले. तू साडेअकराच्या सुमारास म्हणालास आणि लॉग अकरा वीस म्हणतो, तेवढाच फरक. पण त्यांनी सगळ्यात जास्त वेळ पाहिलं ते तुझ्या पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्याकडे. ८ जुलै. "म्हणजे नोंद सापडल्याचं यांना कळण्याआधीच यांनी कबूल केलं," त्या म्हणाल्या. तो शिक्काही पलीकडच्या इमारतीतलाच की रे! तुझ्या हाताला न लागणारा.

परवानगी नसताना यंत्र चार महिने चालू राहिलं, ही माझी चूक लिहून घ्या, असा मी आग्रह धरला. साहेब कळवळून म्हणाले, "बाई, आज तरी नको." पण लिहून घेतली. मला बरं वाटलं.

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "ते बदल बरोबर आहेत का?"

"दोनशे चौदापैकी दोनशे तेरा," साहेब म्हणाले. "दूरध्वनी हे स्वतंत्र शास्त्र नाही. ते पुस्तक अभियांत्रिकीत जाईल."

नोंदींसाठी नवं यंत्र मंजूर झालं. त्यातलं मलाही पुसता येणार नाही. किल्ली अध्यक्षबाईंकडे राहील, मीच तसं मागितलं. सूची आता नीट लावायची आहे, अजून हजारो पुस्तकं चुकलेली आहेत, आणि साहेब म्हणतात, चोर इतका नेटका असेल तर त्यालाच कामाला लावा. तुझ्या घरून करायचं. तुला स्वतःचं खातं मिळेल, नाव 'सल्लागार'. अधिकार बेताचे. पुसायचा तर मुळीच नाही.

फक्त बाइंडरकाका रुसलेत. नवं यंत्र थंड राहतं म्हणे. तेव्हा जुनं त्यांच्याकडेच ठेवलंय, नुसतं उबेसाठी.

तुझी भाची


२९ जुलै

चि. शंकाबाईस,

काम आनंदानं स्वीकारलं. साहेबांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की अभियांत्रिकी मान्य नाही. माझा हा लढा चालू राहील, पण राजरोस.

मामी विचारते, 'अधिकार बेताचे' असं खातं घरासाठीही मिळतं का.

मामा


१८ सप्टेंबर

मामा,

पत्राला उशीर झाला, पण खरं सांगायचं तर तू मला रोजच भेटतोस. सकाळी चहा घेऊन नव्या यंत्रापुढे बसते. पाच सर्व्हरांचं सांगणं संथपणे येत असतं आणि बरोबर साडेदहाला एक ओळ येते, 'सल्लागार, प्रवेश.' मी मनात म्हणते, मामा उठला, अंघोळ झाली, चष्मा सापडला.

दहा एकतीसला दुसरी ओळ येते, 'एक्स्चेंजची देखभाल, विभाग बदलण्याचा प्रयत्न, परवानगी नाही.' हे बरोबर एकेचाळीस वेळा झालंय. मी मोजलेत. साहेबही हल्ली दहा तीसला काहीतरी निमित्त काढून माझ्या टेबलापाशी येतात. "आला का?" विचारतात. ओळ उमटली की "नाही म्हणजे नाही," असं म्हणून फार समाधानानं परत जातात. गेल्या मंगळवारी तुझा पासवर्ड तीनदा चुकला. मामीशी भांडलास का?

परवा मात्र साडेदहा वाजले आणि ओळ आली नाही. पावणेअकरा झाले. अकरा झाले. सर्व्हर तपासला, घड्याळं तपासली. साहेब दोनदा येऊन गेले, काही न विचारता. शेवटी नियम मोडून तुला फोन केला. तू उचललास! शिंकत म्हणालास, "सर्दी झालीय, मरत नाहीये. लॉगमध्ये लिही." आणि मग आपण पाऊण तास बोललो. तुझे कान निवृत्त वगैरे काही झालेले नाहीत, हे मी डायरीत लिहिलं आणि खोडलेलं नाही.

आज साडेदहाला ओळ आली.

दहा एकतीसलाही आली. जीव भांड्यात पडला.

तुझी भाची